हो कोण म्हणालं?

कापडाच्या दुकानात शर्ट घेतला. काउंटरवरच्या मुलाने विचारलं, "सर, ई-मेल सांगा, बिल पाठवतो." सांगितला. बिल आलं. मागोमाग दिवाळी सेल आला, मान्सून सेल आला, कर्जतचे टू बीएचके आले, गुडघेदुखीचं तेल आलं.

माझे गुडघे दुखतात हे त्या शर्टानेच सांगितलं असणार.

सख्खा भाऊ वाढदिवस विसरतो, दुकान विसरत नाही. रात्री बाराच्या ठोक्याला शुभेच्छा. सोबत दहा टक्के सूट, फक्त आजच्यापुरती.

रोग जुना आहे. ३ मे १९७८ रोजी अमेरिकेत डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनच्या गॅरी थुर्क यांनी सुमारे चारशे जणांना नव्या संगणकांची जाहिरात एकदमच धाडली. पत्ते इतके, की वरच्या रकान्यात मावेनात; उरलेले मजकुरात सांडले. लोक खवळले, कानउघाडणी झाली. पण आपण त्यातून कोटीहून अधिक डॉलरचा माल विकला, असं थुर्क नंतर सांगत राहिले.

कानउघाडणी विसरली गेली. हिशेब तेवढा सगळ्यांच्या लक्षात राहिला.

आपल्याला आग्रह नवा नाही. पंगतीत पानावर हात आडवा धरला तरी बोटांच्या फटीतून जिलबी पडतेच. पण तो वाढपी तुमचा पत्ता शेजारच्या कार्यालयाला विकत नाही! इथे याद्या एक्सेलमध्ये भरून फिरतात. "डेटा फ्रेश आहे सर." जणू मेथीची जुडी.

बरं, नाव काढायचं म्हटलं तर? मेलच्या तळाशी मुंगीच्या अक्षरात दुवा. तो दाबला की "खरंच सोडून जाताय?" मग कारण सांगा. मग दहा दिवस थांबा. पाठवायला एक क्षण, थांबवायला दहा दिवस?

अमेरिकेच्या २००३ च्या कायद्याने तर कामकाजाचे दहा दिवस रीतसर दिलेत. आधी विचारायचीही सक्ती नाही. घरात शिरा, हाकललं की निघा.

युरोपने म्हटलं, आधी दार वाजवा. तिथला डेटा संरक्षणाचा कायदा मे २०१८ मध्ये लागू झाला. कंपनीनेच आधी टिक करून ठेवलेली चौकट म्हणजे ग्राहकाची संमती नव्हे, असा निकाल १ ऑक्टोबर २०१९ रोजी युरोपीय न्यायालयाने कुकीजच्या एका खटल्यात दिला.

एवढं कळायलाही न्यायालय लागलं.

आपल्या २०२३ च्या कायद्यात संमती कशी हवी? मुक्त, विशिष्ट, माहितीपूर्ण, बिनशर्त आणि निःसंदिग्ध. पाच विशेषणं! मुलीला स्थळ पसंत आहे का, हे विचारताना आपण एकही वापरलं नव्हतं. शिवाय संमती देणं जितकं सोपं, तितकंच ती काढून घेणंही सोपं हवं. आणि विचारणा मराठीतही मिळायला हवी. फक्त हे सारं प्रत्यक्षात यायला मे २०२७ उजाडेल.

तोवर वचक कोणाचा? जीमेलचा. दिवसाला पाच हजारांहून जास्त मेल पाठवणाऱ्यांना २०२४ पासून एका टिचकीत नाव काढण्याची सोय द्यावी लागते. हजारातल्या तिघांनी 'स्पॅम' म्हटलं, की पाठवणाऱ्याची पत गेली. संसदेला जमलं नाही ते एका खासगी डाकखान्याने केलं. त्याचा स्वतःचा जाहिरातींचा धंदा आहे, हा भाग वेगळा.

सरळ रस्ता आहेच. कोणी पत्ता दिला की त्यावर एकच मेल पाठवा. त्यातला दुवा दाबून माणूस पुन्हा 'हो' म्हणाला, तरच नाव यादीत. मार्केटिंगवाले कळवळतात, यादी निम्मी होते हो!

गळालेली निम्मी तुमची कधी होती?

परवा दुसऱ्या दुकानात ठरवूनच गेलो. ई-मेल विचारल्यावर म्हणालो, "बिल कागदावर द्या."

"सर, प्रिंटर बंद आहे."