गन लावली आणि पिक्चरला गेले!

ऐकलंत का? शेजारच्या वहिनींनी काल जिन्यातच गाठून सांगितलं आणि माझ्या हातातली भाजीची पिशवी खाली यायची राहिली. त्यांचे धाकटे दीर परवा पुण्याला गेले, विमाननगरच्या एका मॉलच्या तळघरात गाडी लावली, तिला चार्जिंगची गन टोचली आणि बायकापोरांना घेऊन सरळ वर पिक्चरला जाऊन बसले. तीन तास! गाडी बिचारी तासाभरात पोट भरून गप्प उभी, आणि मागे तीन गाड्या ताटकळत. शिव्या कुणाला बसल्या असतील? अख्ख्या नगरला. पाटीवर एमएच सोळा लिहिलेलं कुणी पुसून ठेवलं होतं का?

(नगर म्हणा, अहिल्यानगर म्हणा. पाटी २०२४ मध्ये बदलली, तोंडाला अजून वळण लागायचंय.)

हे विजेच्या गाड्यांचं खूळ आमच्या सावेडीत कधी शिरलं ते कळलंच नाही. पूर्वी रेंज मोबाइलला यायची. नाही आली तर माणूस गच्चीवर जायचा. आता हळदीकुंकवाला आलेल्या बायका वाण हातात धरून विचारतात, ‘तुमची रेंज किती देते हो?’ हिरव्या पाटीची गाडी दारात उभी राहिली की त्या घराचा आवाज एक पट्टी वर चढतो. गाडीचा मात्र आवाजच नाही. परवा दूधवाल्याच्या मागे अशी मुकाट येऊन थांबली की त्याने किटली टाकून उडी मारली. साठ हजारांचा कर्णा लावून फिरणारे ट्रॅक्टर परवडले म्हणे, निदान येताना कळतात तरी.

आणि आता लपवून काय करू, आमच्याकडेही आलीय.

आमचे हे निवृत्त झाले आणि फंडाच्या पैशाला पाय फुटले. पहिल्याच आठवड्यात सोसायटीत भांडण. पार्किंगमधल्या पंधरा अँपियरच्या प्लगला वायर लावली, तर तळमजल्यावरचे काका मीटरसमोर वही घेऊन बसले. जिन्यातल्या दिव्याच्या लाइटीवर गाडी चालते की काय, हा त्यांचा संशय. एकाने तर ‘आकडा टाकलाय का?’ असंही विचारलं. शेवटी वेगळा सबमीटर बसवला तेव्हा कुठे काकांची वही मिटली. त्यातून गावाकडून माझ्या दिराचा फोन: ‘आम्ही कांद्याला पाणी द्यायला थ्री फेजची वाट बघत रात्री दोनला उठतो, आणि तुमच्या गाडीला झोपेत वीज?’ यावर काय बोलणार? फोन ह्यांच्याकडे दिला.

आता आमचा पुण्याचा प्रसंग. निघायच्या आदल्या रात्री डीपीचा फ्यूज गेला, म्हणून गाडी पंचाऐंशी टक्क्यांवरच निघाली. ह्यांनी सुप्यापर्यंत एसी लावू दिला नाही. डोंगरावरच्या पवनचक्क्या गरागरा फिरताना दिसत होत्या आणि आम्ही आत वारा घालत होतो. मॉलच्या तळघरात पोचलो तेव्हा आकडा अडतीस. चार्जर समोर, गन समोर, पण नुसती टोचून भागत नाही. आधी ॲप घ्या, ॲपच्या वॉलेटमध्ये पैसे भरा, मग ओटीपी. आणि तळघरात नेटवर्क नाही! हे फोन उंच धरून खांबाखांबाला फिरतायत. शेवटी सूनबाई फोन घेऊन सरकत्या जिन्याने वर गेली. ओटीपी आला तसा तिने वरूनच ओरडून सांगितला. चार आकडी गुप्त क्रमांक अर्ध्या मॉलला पाठ झाला असेल. मग गन खटकन आत बसली आणि गाडीने ती आतून पकडली. शिंगणापूरच्या घरांना दारं नसतात हे आम्ही अभिमानाने सांगणारी माणसं. इथे वायरसुद्धा कुलूपबंद.

पाऊण तास लागेल, म्हणाली स्क्रीन. आता तळघरात पाऊण तास कोण उभं राहणार? तिथेच तर खरी मेख आहे हो! पेट्रोल पंपावर माणूस दोन मिनिटं थांबतो, फार तर हवा भरून घेतो. मॉलवाल्याला पाऊण तास रिकामं बसलेलं, खिशात पाकीट असलेलं अख्खं कुटुंब फुकटात मिळतं. गाडीने अडतीसपासून ऐंशीपर्यंत सतरा युनिट खाल्ली, जीएसटी धरून झाले चारशे एक्केचाळीस. घरी त्याच्या निम्मेही पडले नसते. पण आम्ही? दोन कॉफ्या पाचशे वीस, नातवाचे खेळ सहाशे, आणि ‘सेल आहे’ म्हणून सूनबाईचा कुर्ता बाराशे नव्याण्णव. गाडी भरत होती आणि आम्ही उतरत होतो. हे मात्र घरी आल्यावर सगळ्यांना सांगत सुटले, ‘पेट्रोलचे पैसे वाचले!’

मुंबईची तर बातच सोडा. तिकडे बीकेसीत जुलै २०२५ मध्ये टेस्लाचं दुकान उघडलं आणि पुढच्याच महिन्यात तिथे त्यांचा सुपरचार्जर आला. तेव्हा युनिटला चोवीस रुपये! आणि त्या दुकानातली पहिली गाडी गेली कुणाच्या दारी? राज्याच्या परिवहनमंत्र्यांच्या. ज्यांच्या खात्यात एसटी येते, त्यांच्याकडे. नातवासाठी घेतली असं त्यांनी सांगितलं. नातवंडांचं कौतुक कुणाला नसतं, पण आमच्या नातवाला आम्ही बॅटरीवरची चाळीस रुपयांची मोटार घेतली होती.

एसटीवरून आठवलं, आणि इथे मात्र मी नाक वर करून बोलणार. महाराष्ट्रात पहिली एसटी धावली ती १ जून १९४८ला, पुणे-नगर रस्त्यावर. लाकडी बॉडीची, वर कापडी छत. आणि एसटीची पहिली विजेवरची बस, ती ‘शिवाई’, तीही १ जूनलाच, २०२२ साली, पुणे-नगर रस्त्यावरच! म्हणजे मुंबईच्या लोकांना टेस्लाचं दर्शन व्हायच्या तीन वर्षं आधी आमच्या माणसांनी विजेच्या गाडीत एसी खात घोरून घेतलं होतं. कायनेटिकची लूनासुद्धा नगरचीच, आणि २०२४ मध्ये तीही विजेवर आली. जुन्या लूनाचं एक बरं होतं, पेट्रोल संपलं तर पायडल मारत घरी येता यायचं. ह्यांनी नव्या गाडीखाली वाकून बघितलं, पायडल दिलेलं नाही.

आणि हा जिल्हा उसाचा. कारखाने मळीपासून इथेनॉल काढतात, ते पेट्रोलमध्ये मिसळतात, आणि आम्ही मात्र ना पेट्रोल घेणार ना इथेनॉल. गावाकडच्या दिराच्या मते हा उसाशी द्रोह आहे. असेल बाई. पण समृद्धी महामार्गावर विजेच्या गाड्यांना टोल माफ केल्याचं ऑगस्ट २०२५ मध्ये जाहीर झालं, तेव्हा ‘पुढच्या वेळी नागपूरला तुमच्या गाडीने जाऊ’ म्हणणारा पहिला माणूस तोच.

आता त्या ऐंशी टक्क्यांचं सांगते, कारण भांडणं सगळी तिथेच होतात. फास्ट चार्जर म्हणजे घरच्या प्लगसारखी एसी वीज नव्हे. तो डीसी वीज थेट बॅटरीत ओततो, म्हणून रात्रभराचं काम तासाभरात होतं. पण ऐंशीनंतर बॅटरी स्वतःच हात आखडता घेते, तापू नये, लवकर झिजू नये म्हणून. माळीवाड्याच्या स्टँडवर एसटी लागली की पहिली तीस माणसं धडाधडा बसतात. शेवटचे चौघे जागा शोधत, पिशव्या सरकवत, ‘जरा सरका की’ करत बसतात, तसं. शेवटच्या वीस टक्क्यांना कधीकधी आधीच्या साठांएवढा वेळ जातो. तरी काही लोक शंभराचा हट्ट सोडत नाहीत. पैसे भरलेत म्हणे! आणि वहिनींचे दीर तर त्याहून वरचढ. गाडी भरल्यावरही गन तशीच लावून पिक्चर बघणं म्हणजे खिडकीतून रुमाल टाकून जागा धरायची आणि स्वतः खाली भेळ खात उभं राहायचं. एसटीत असल्या रुमालाचं काय करायचं ते आपल्याला पाठ आहे, उचलायचा आणि बसायचं. इथे गन उपटता येत नाही, गाडीवाल्याने सोडल्याशिवाय ती निघतच नाही.

काही चार्जरवाले भरल्यानंतर नुसत्या उभ्या गाडीला मिनिटामागे दंड लावतात. वहिनींच्या दिरांना लागला का, ते विचारायचं राहिलं. लागला असावा, कारण त्या दिवसापासून ते त्या पिक्चरची गोष्ट सांगत नाहीत.

तेव्हा मंडळी, गाडी घ्या, मिरवा, हळदीकुंकवाला रेंजही सांगा. फक्त ऐंशी झाले की खाली येऊन गाडी काढा. मागे आम्ही उभे आहोत, आणि आमचा आकडा बारावर आलाय.