आठची मिस्सा कोणाची?

कल्याणच्या पुढच्या कुठल्याही चर्चच्या सभेत एक गंमत करून बघा. सैतान खरंच आहे का, स्वर्ग नक्की कुठे, असले प्रश्न काढा. लोक निवांत चहा पितील. मग विचारा, रविवारची आठची मिस्सा कुठल्या भाषेत ठेवायची? चहा राहील बाजूला आणि सभा तापेल.

कारण आठची वेळ सगळ्यांनाच हवी. साडेसहाला उठवत नाही आणि साडेनऊची गाठली तर मटणवाल्याकडे फक्त हाडं उरतात. इंग्रजीवाल्यांकडे ती वेळ ‘पहिल्यापासून’ आहे. कोकणीवाले सांगतात, ती त्याच्याही पहिल्यापासून आमची होती. तमिळ मंडळींना महिन्यातला एक रविवार, तोही संध्याकाळचा. आणि मराठी? ‘मराठी काय, सगळ्यांनाच कळते’ असं म्हणत तिला उरलीसुरली वेळ देतात.

अशा सभेत वेदीवरून उपदेश होतो : मंडळी वाढते आहे, बदल स्वीकारा. सगळे माना डोलावतात. प्रत्येकाला वाटतं, हे शेजारच्या बाकाला उद्देशून आहे.

मंडळी वाढते आहे हे मात्र खरं, कारण गावंच वाढताहेत. कुळगाव-बदलापूरची लोकसंख्या २००१ च्या जनगणनेत लाखाच्या आत होती, २०११ मध्ये पावणेदोन लाखांच्या घरात गेली. पुढची जनगणना लांबली, पण टॉवर कुठे थांबलेत? दादर-सायनची चाळीतली खोली विकून वन-बीएचके घेणारा ख्रिस्ती माणूस इथे येतो आणि पहिल्या रविवारी त्याला जागा मिळते ती बाहेर, मांडवातल्या प्लास्टिकच्या खुर्चीवर. बाहेरचा स्पीकर सोसायटीच्या तक्रारीमुळे बंद. मांडीवर पोर घेऊन बसलेली बाई फादरचे ओठ बघून ‘आमेन’ म्हणते. मिस्सा संपली की आतून कुणी अंकल येऊन प्रेमानं विचारतात, ‘‘तुम्ही कधीपासून येता?’’ या प्रश्नाला बरोबर उत्तर नसतंच.

हेच अंकल सोमवारी लोकलमध्ये चौथ्या सीटला जागा करून देतात. कुरकुरतात, पण सरकतात. चर्चच्या बाकावर मात्र रुमाल टाकलेला असतो.

बरं, इथे जुनं कोण? उल्हासनगर म्हणजे लष्कराची छावणी. फाळणीनंतर सिंधी निर्वासित तिथल्या बराकींत उतरले आणि १९४९ मध्ये राजगोपालाचारींच्या हस्ते गावाचं बारसं झालं. कॅम्प एक ते पाच हे पत्ते अजून चालू आहेत. अंबरनाथला विम्कोचा आगपेटीचा कारखाना, मग ऑर्डनन्स फॅक्टरी, आणि नोकरीच्या मागे आलेला अर्धा देश. या पट्ट्यात वतनदारी सांगायची तर ती शिलाहारांच्या शिवमंदिरानंच सांगावी. ते १०६० पासून जागेवर आहे. बाकी सगळे आधीच्या नाहीतर नंतरच्या गाडीनं आलेले.

मलयाळी मंडळींची कथा तर वेगळीच. सायरो-मलबार, म्हणजे केरळातल्या वेगळ्या पूर्वेकडच्या उपासना-परंपरेची कॅथलिक कुटुंबं, वर्षानुवर्षं जवळच्या लॅटिन चर्चमध्ये जात होती. १९८८ मध्ये रोमनं त्यांच्यासाठी कल्याणचा स्वतंत्र धर्मप्रांत स्थापन केला. मग दहा-बारा वर्षांपूर्वी दोन्हीकडच्या धर्माध्यक्षांनी मिळून कळवलं, की तुमचा हिशेब जन्मानं तिकडचा. ज्यांनी इथल्या कॉयरमध्ये आयुष्य काढलं, पोरांची नामकरणं इथेच केली, ते बिथरले. चूक त्यांची नव्हती. ज्याचा बाप्तिस्म्याचा दाखलाच कुठल्या कपाटात जाणार हे परस्पर ठरतं, त्याला बदलाचे फायदे समजावून सांगू नयेत. कल्याणला २०२५ मध्ये महाधर्मप्रांताचा मान मिळाला. वाढ झाली यात शंका नाही.

तिकडे केरळात याच चर्चमध्ये भांडण पेटलं ते फादरनी तोंड कुठे करावं यावरून. १९६२ ते ६५ च्या व्हॅटिकन परिषदेनंतर जगभर फादर लोकांकडे वळले. सायरो-मलबार सिनॉडनं २०२१ मध्ये एकच पद्धत लागू केली : अर्धी मिस्सा लोकांकडे, अर्धी वेदीकडे. एर्नाकुलममध्ये ते प्रकरण इतकं चिघळलं की तिथली बॅसिलिका बंद ठेवावी लागली. मधला मार्ग काढला की दोन्ही बाजू खूश होतात, ही समजूत बहुधा कधी सभा न घेतलेल्या माणसाची असावी.

प्रोटेस्टंट बंधूंनी हसू नये. सहा चर्चेसनी २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन केलं. त्याला अर्धशतक उलटलं, तरी सोयरीक जुळवताना ‘तुम्ही मूळचे कुठल्या मिशनचे?’ हे विचारल्याशिवाय पोहे पुढे येत नाहीत. रेव्हरंड टिळकांनी उपासनेत भजनाचा बाज आणला तेव्हा तो नवाच होता. आज त्याच भजनांच्या आडून गिटारवर बंदी मागतात.

गिटार येऊ द्या, नका येऊ देऊ. तो बदल फुकटातला आहे. प्रोजेक्टरही तसाच, गीतांची पुस्तकं वाचतात आणि चष्मा विसरलेल्यांची सोय होते. खरी अडचण पंच कमिटीत नाहीतर पॅरिश कौन्सिलमध्ये आहे. तिथली यादी वाचा : तेच आडनाव, आधी वडील, मग थोरला, आता धाकटा. नव्यांना नाताळचा गोठा बांधायला बोलावतात, खुर्च्या उचलायला बोलावतात, हिशेब बघायला नाही. भाडेकरू तर त्याहून खालचा. अकरा महिन्यांच्या करारावर राहणाऱ्याला मत कशाला? मांडवातल्या त्या बाईला कमिटीवर घ्या. पहिल्याच बैठकीत ती स्पीकरचं विचारेल. तेवढ्यानंही पुष्कळ हलेल.

यावर ठरलेलं उत्तर येतं : घाई नको, वेळ बदलली तर लोक तुटतील. कोण तुटतंय? रविवारी मध्य रेल्वेचा मेगाब्लॉक असतो. ठाण्याची मुलगी, मुलुंडचे व्याही आणि पाहुणे फादर निमूट तासभर आधी निघतात. त्यासाठी कुणी सभा बोलावल्याचं, कुणी सूचक आणि कुणी अनुमोदक झाल्याचं ऐकिवात नाही.