अल्प उत्पन्नाचे दोन प्रकार

महाराष्ट्रात सरकारी नोकऱ्या मिळत नाहीत, अशी ओरड करणाऱ्यांची आम्हाला कीव येते. 2025-26 च्या हिवाळ्यात या राज्याने लाखो कुटुंबांना एका फटक्यात सरकारी नोकरी देऊन टाकली. जाहिरात नाही, परीक्षा नाही, त्यामुळे पेपरफुटीही नाही. झाले असे की, लाडकी बहीण योजनेच्या ई-केवायसीत घरातले कोणी सरकारी नोकरीत आहे का, हे सरकारला जाणून घ्यायचे होते. पण सरळ विचारले तर ते सरकार कसले! प्रश्न असा नकारार्थी घातला की ‘नाही’ म्हणायचे असेल तर ‘होय’ दाबावे लागे. बहिणींनी भाबडेपणाने ‘नाही’ दाबले आणि नाशिकच्या अंबडला ठेकेदाराकडे पॅकिंग करणारी बाई रातोरात सरकारी नोकराच्या घरची झाली. थोरल्याला एमपीएससीचे क्लास लावून जे जमले नाही, ते आईने एका ओटीपीवर करून दाखवले. वेतन आयोग तेवढा लागू झाला नाही. महिन्याचा 1500 रुपयांचा हप्ता मात्र बंद झाला. मग जानेवारीत अंगणवाडी ताईंना सांगण्यात आले, घरोघर जा आणि हे साहेब लोक खरेच साहेब आहेत का ते बघून या.

छाननीला आमचा विरोध नाही. 14,298 पुरुष या योजनेचे पैसे घेत होते. बहीण म्हणवून घेण्याची इतकी हौस असलेले भाऊ शोधलेच पाहिजेत. आमची शंका फक्त मुहूर्ताची आहे, आणि मुहूर्त हा तर त्र्यंबक-पंचवटीच्या माणसाचा घरचा विषय. योजना जाहीर झाली जून 2024 मध्ये. अडीच लाखांची उत्पन्नमर्यादा, दारात चारचाकी नको, या अटी तेव्हाही कागदावर होत्या. पण तो कागद वाचायला कोणाला फुरसत होती? उत्पन्नाचा दाखला नाही? पिवळे-केशरी रेशनकार्ड चालेल. तारीख गेली? तारीख वाढवू. रक्षाबंधनाच्या आधी दोन महिन्यांचे तीन हजार खात्यात. 20 नोव्हेंबरला विधानसभेचे मतदान झाले, 23 ला मते मोजली, आणि मते मोजून झाल्यावर बहिणी मोजायला घेतल्या. जून 2025 पर्यंत 26 लाख 34 हजार जणींचे पैसे थांबले. दरम्यान योजनेची तरतूद 46 हजार कोटींवरून 36 हजार कोटींवर आली होती. आधी आकडा ठरला आणि मग तेवढ्या अपात्र सापडल्या, असे म्हणणे संशयी स्वभावाचे लक्षण आहे. आमचा तसा स्वभाव आहे. निवडणुकीत कबूल केलेल्या 2100 रुपयांचे काय, असे विचारल्यावर कळले की जाहीरनामा पाच वर्षांसाठी असतो. हप्त्याची तारीख चुकली तर बहिणीने एवढेच लक्षात ठेवावे.

दिंडोरी-निफाडकडच्या बहिणींचा हिशेब तर खास आहे. नावावर अर्धा-एक एकर असलेली, आणि तरीही दुसऱ्याच्या द्राक्षबागेत विरळणीला जाणारी बाई घ्या. किसान सन्मान आणि नमो शेतकरी मिळून तिला वर्षाला 12 हजार मिळतात, म्हणजे महिन्याला हजार. म्हणून बहीण या नात्याने तिला फक्त 500. शेतकरी म्हणून दिलेले भावाने ओवाळणीतून कापून घेतले. एकाच बाईने शेतकरीही असायचे आणि बहीणही, ही चैन राज्याला परवडणारी नाही.

सप्टेंबर 2025 मध्ये ई-केवायसी आली. दोन महिन्यांची मुदत. त्यात स्वतःचे आधार तर हवेच, शिवाय नवऱ्याचे किंवा वडिलांचेही हवे. ज्या बाईला नवरा टाकून गेला, तिने ओटीपीपुरता तरी त्याला परत आणावा अशी अपेक्षा होती. संसार जोडण्याचा असा कार्यक्रम कुठल्याच समुपदेशन केंद्राने केला नसेल. विधवांनी काय करायचे, हे सरकारला नंतर सुचले. मुदत 31 डिसेंबरपर्यंत वाढली आणि मृत्यूचा दाखला अंगणवाडी ताईंकडे देण्याची सोय झाली. मोबाइलवर गोल गोल फिरणाऱ्या चक्राकडे पाहत सेतू केंद्राबाहेर बायका बसल्या, आणि त्या दिवसाचा रोज बुडाला तो निराळाच.

आता गंमत बघा. बाईला पालक दाखव म्हणणाऱ्या या सरकारने 18 जानेवारी 2025 रोजी पालकमंत्र्यांची यादी काढली. नाशिकला गिरीश महाजन आणि रायगडला आदिती तटकरे. दुसऱ्याच दिवशी दोन्ही नावांना स्थगिती. पुढे महिनोन् महिने नाशिक जिल्हा विनापालक. आणि रायगडच्या ज्या ताईंचे पालकत्व अडकले, त्यांच्याच खात्यात लाडकी बहीण योजना आहे. नाशिक जिल्ह्याने ई-केवायसी करायला घेतली असती, तर पहिल्याच रकान्यात अडकला असता.

हे झाले अल्प उत्पन्नाच्या पहिल्या प्रकाराबद्दल. दुसरा प्रकारही नाशिकचाच आहे आणि त्याचा आम्हाला जिल्हावासी म्हणून अभिमान वाटतो. सिन्नरचे आमदार माणिकराव कोकाटे यांना 1995 च्या सुमारास कॉलेज रोड भागात मुख्यमंत्र्यांच्या 10 टक्के कोट्यातून सदनिका मिळाल्या होत्या. हा कोटा अल्प उत्पन्नवाल्यांसाठी. कागदपत्रे खोटी असल्याची तक्रार झाली आणि छाननी सुरू झाली. 20 फेब्रुवारी 2025 रोजी नाशिकच्या न्यायालयाने त्यांना दोन वर्षांची शिक्षा सुनावली, तेव्हा ते राज्याचे कृषिमंत्री होते. नंतरही दहा महिने मंत्रीच होते. मध्ये खाते तेवढे बदलले. डिसेंबरमध्ये वरच्या न्यायालयाने शिक्षा कायम केल्यावर मंत्रिपद गेले, आणि आठवडा उलटायच्या आत सर्वोच्च न्यायालयाच्या स्थगितीमुळे आमदारकी वाचली.

प्रकरण न्यायालयात आहे, तेव्हा त्यातल्या खऱ्या-खोट्यावर आम्ही अवाक्षर काढणार नाही. आम्हाला कौतुक आहे ते वेळापत्रकाचे. दुसऱ्या प्रकारच्या अल्प उत्पन्नाची शहानिशा करायला तीस वर्षे पुरत नाहीत. वकील, तारखा, अपील, त्यावर अपील, मग स्थगिती. पहिल्या प्रकारचे अल्प उत्पन्न काही महिन्यांत तपासून होते. त्यात नोटीस नसते, सुनावणी नसते. सातपूरच्या बाईला आपण अपात्र ठरलो हे कळते ते बँकेचे पासबुक भरून घेतल्यावर. अपात्रतेला स्थगिती कुठे मागायची, हे तिने अंगणवाडी ताईंना विचारले तर ताई तिला काय सांगणार? त्यांचेच मानधन वाढवून घ्यायला त्यांना अधूनमधून आझाद मैदानात बसावे लागते.

उरलेसुरले अन्नखात्याने आवरले आहे. ‘आनंदाचा शिधा’ 2022 च्या दिवाळीत सुरू झाला होता. 100 रुपयांत किलोभर रवा, साखर, चणाडाळ आणि लिटरभर तेल. 2025 मध्ये ना गणपतीला मिळाला ना दिवाळीला. येवल्याचे आमदार आणि अन्नमंत्री छगन भुजबळ यांनी कारण लपवले नाही: लाडक्या बहिणीमुळे तिजोरीवर ताण आहे. म्हणजे बहिणीच्या फराळाचे साहित्य बहिणीनेच खाल्ले. 10 रुपयांची शिवभोजन थाळीही भुजबळच अन्नमंत्री असताना, 26 जानेवारी 2020 रोजी आली होती. त्या थाळीचे केंद्र चालवणारे आता थकलेली बिले मागत फिरतात.

तरी बहिणींनी निराश होऊ नये. 31 ऑक्टोबर 2026 ला सिंहस्थाचे ध्वजारोहण आहे. त्यासाठी हजारो कोटींची कामे निघाली आहेत, तिजोरीवर त्याचा ताण आल्याचे अद्याप कोणी म्हटलेले नाही. तपोवनात आखाडे उतरतील, अन्नछत्रे लागतील. तिथे पंगतीला बसणाऱ्याला नवऱ्याचे आधार विचारत नाहीत. मंत्रालयात हे कोणाच्या लक्षात यायच्या आत बायकांनी जेवून घ्यावे.