चतुश्चक्रचालना-निर्णय

ज्या कास्तकाराच्या वावरापर्यंत बारमाही पक्की सडक गेलेली आहे, त्याने पुढील विवेचन वाचण्याची तसदी घेऊ नये. त्याला कोणतेही वाहन चालेल, आणि न चालले तरी तो कोरड्या पायांनी घरी पोहोचेल. प्रस्तुत मार्गदर्शन केळझर व पंचक्रोशीतील अशा गृहस्थांकरिता आहे, की ज्यांच्या दारावरून नागपूर-वर्धा महामार्ग गेला, ज्यांच्या सेलू तालुक्यातून ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्गही गेला, परंतु ज्यांच्या वावराकडे मात्र आजोबांच्या काळी जात होती तीच पांदण, काळाच्या ओघात थोडी अधिक अरुंद होऊन, आजही जाते. समृद्धी महामार्ग जून २०२५ मध्ये अखेरच्या टप्प्यासह खुला झाल्यापासून येथून रात्री निघालेला मनुष्य सकाळी मुंबापुरीत चहा घेऊ शकतो. तोच मनुष्य श्रावणात आपल्या कपाशीला खताचा हप्ता देण्यास निघाला, तर पोहोचेल किंवा नाही हे केळझरच्या टेकडीवरील सिद्धिविनायकच जाणे. शिवाय त्या महामार्गावर ट्रॅक्टर आणि दुचाकी यांना मज्जाव असल्याने आमच्या गृहस्थाच्या वाहनचिंतेशी त्याचा संबंध केवळ प्रेक्षणीय आहे.

प्रथम शत्रूचे स्वरूप जाणावे. आपल्याकडील काळी जमीन पाणी पिऊन फुगणाऱ्या मातीची असून उन्हाळ्यात तिला हाताचा पंजा जाईल एवढ्या भेगा पडतात, आणि मृगानंतर तीच जमीन असा गारा धारण करते, की जो चाकाला चिकटतो, चाकासह फिरतो, मडगार्डात जाऊन बसतो, आणि अखेरीस चाक व रस्ता यांतील भेदच नाहीसा करून वाहनाला अद्वैताचा साक्षात्कार घडवितो. सामान्य वाहनात इंजिनाची शक्ती दोनच चाकांना मिळते; आणि डिफरन्शियल नावाची जी दातेरी यंत्रणा वळणावर आतल्या व बाहेरच्या चाकाला निरनिराळ्या वेगाने फिरू देते, तीच चिखलात घात करते, कारण जे चाक निसटते ते बेफाम फिरत राहते आणि ज्याच्याखाली टणक जमीन असते ते निर्विकार उभे राहते. म्हणून चालना चारही चाकांना असावी, आणि वर डिफरन्शियल लॉकही असावा, हा या शास्त्राचा पहिला सिद्धांत होय.

तथापि या सिद्धांतातील एक उणीव विक्रेते सांगत नाहीत. दोन चाकांच्या चालनेचे वाहन पांदणीच्या तोंडाशीच फसते, जेथून हाक मारली असता मनुष्य येतो; चार चाकांच्या चालनेचे वाहन मात्र धैर्याने पुढे जाऊन पांदणीच्या मध्यावर, नाल्याच्या उतारावर फसते, जेथे हाक पोहोचत नाही आणि पोहोचलीच तर बैलजोडी घेऊन येणारा शेजारी दोर बांधण्यापूर्वी शांतपणे विचारतो, "काऊन जी भाऊ, चारही चाकं फिरून राह्यली न, मंग गाडी काऊन नाही सरकून राह्यली?" यास्तव खरेदीपूर्वी करावयाची पहिली चौकशी वाहनाची नसून जवळच्या बैलजोडीची असावी, तिच्या मालकाशी आपले धुऱ्याचे भांडण चालू असल्यास ते आधी मिटवावे आणि वाहन मागाहून घ्यावे.

आता प्रत्यक्ष वाहनांकडे वळू. ज्याला ऑल टेरेन व्हेईकल, संक्षेपाने एटीव्ही, म्हणतात ती चार फुगीर चाकांची, हँडलची आणि मांड टाकून बसावयाची गाडी परदेशातील शेतकरी कुंपणे पाहण्यास व मेंढरे हाकण्यास वापरतात. आपल्या देशी मात्र ती बहुधा पर्यटनस्थळी आढळते, आणि तेथे हौशी पाहुण्यांना पैसे घेऊन चिखलातून फिरविण्यात येते, ही गोष्ट केळझरच्या मनुष्यास विशेष अचंब्याची वाटते, कारण त्याला ही सोय आजवर विनामूल्य मिळत आलेली आहे. आपल्या मोटारवाहन नियमांत या गाडीसाठी स्वतंत्र रकाना नसल्याने ती सडकेवर आणणे दुरापास्त होते; पोलॅरिस या अमेरिकन कंपनीने २०१८ मध्ये आपली स्पोर्ट्‌समन ५७० ही गाडी ट्रॅक्टर म्हणून सरकारदरबारी रुजू केली, तेव्हा कोठे तिला सडकेचा परवाना मिळाला. किंमत आठ लाखांच्या घरात होती. एवढे द्रव्य खर्चून ज्या गाडीला अखेर ट्रॅक्टरचेच सोंग घ्यावे लागते, तिच्याऐवजी मूळ ट्रॅक्टरच का घेऊ नये, हा प्रश्न वडील मंडळींनी उपस्थित केल्यास त्यावर समाधानकारक उत्तर नाही. तिच्या मागच्या जाळीवर युरियाची ४५ किलोची एक-दोन पोती राहतील. कापसाचे गाठोडे, फवारणीचा ड्रम, सरपणाची मोळी आणि ऐनवेळी "मलाही वावरात सोडून द्या न जी" म्हणणाऱ्या मावशी यांची व्यवस्था निराळी करावी लागेल.

जुन्या जीपविषयी थोडक्यात सांगतो. महिंद्रांनी १९४७ मध्ये विलिज जीप येथे जुळविण्यास आरंभ केला, तेव्हापासून या वाहनाविषयी आपल्याकडे एक वीरश्रीची भावना आहे, आणि बोर अभयारण्यात पर्यटकांना वाघ दाखवावयास नेणाऱ्या उघड्या जिप्सी पाहून ती दुणावते. परंतु जीपने वखरणी होत नाही. विषय संपला.

उरला तो लहान ट्रॅक्टर, आणि खरी छाननी येथेच करावयाची आहे. महिंद्राचा जिवो, कुबोटाचा निओस्टार इत्यादी चोवीस अश्वशक्तीच्या आसपासचे, चारही चाकांना चालना असलेले, अंगाने आटोपशीर ट्रॅक्टर पाच-सहा लाखांच्या सुमारास नवे मिळतात. ते संत्र्याच्या बागेत शिरतात, रुंद अंतरावर लावलेल्या कपाशीत डवरणीलाही चालतात, आणि सावकारापेक्षा किंचित सौम्य भाषेत हप्ता मागणाऱ्या संस्था त्यांवर आनंदाने कर्ज देतात. यांच्या चालनेचा दांडा चिखलात जोडावा आणि टणक सडकेवर सोडावा, असा नियम आहे; परंतु नव्या मालकाला चारही चाके एकसमयावच्छेदे फिरत असल्याचे समाधान सोडवत नाही, तो गावातील सिमेंटच्या रस्त्यावरूनही तशीच गाडी नेतो, आणि पहिल्या पोळ्यापर्यंत पुढचे टायर तुळतुळीत करून ठेवतो.

परीक्षा कोठे व केव्हा घ्यावी, हा या शास्त्रातील सर्वांत उपेक्षित भाग होय. आमचे लोक वाहन घेतात ते गुढीपाडव्याला, अक्षय्य तृतीयेला किंवा दसऱ्याला, म्हणजे ज्या दिवशी पांदणीतून सायकलही सुखरूप जाते अशा दिवशी. दुकानाच्या फरसबंद अंगणात दोन फेऱ्या मारतात, हार घालतात, नारळ फोडतात आणि पेढे वाटतात. त्या अंगणात दोन चाकांची चालना आणि चार चाकांची चालना यांत फरक दिसावा अशी कोणतीही सोय निसर्गाने ठेवलेली नाही. ज्योतिषाने काहीही सांगितले तरी या खरेदीचा खरा मुहूर्त आश्लेषा नक्षत्राच्या झडीत, तिसऱ्या दिवशी दुपारी, आपल्याच पांदणीत असतो. विक्रेत्यास अत्यंत आदराने म्हणावे, "भाऊ, एकदा आमच्या वावरापर्यंत घेऊन चला, तिथेच इसार देतो." तो आला तर यंत्राची परीक्षा होते, न आला तर विक्रेत्याची होते, आणि दोन्हींपैकी कोणतीही परीक्षा फुकट जात नाही.

वापरलेला ट्रॅक्टर घेणाऱ्याने अधिक दक्षता बाळगावी. बैलबाजारात दलाल रुमालाखाली बोटे दाबून भाव ठरवतो, तेव्हा सर्व व्यवहार झाकलेला असतो, पण बैलाचे तोंड मात्र उघडून पाहता येते. आदत आहे, दोनदाती आहे, चौदाती आहे की जुळलेला, हे दात सांगतात, आणि जुळलेल्या बैलाचे दात पुन्हा दोनदाती करण्याची विद्या अद्याप कोणास अवगत नाही. ट्रॅक्टरच्या तासांचे मीटर मात्र पुनश्च बाल्यावस्थेत नेता येते. म्हणून मीटरवर विश्वास न ठेवता क्लचच्या पेडलवरील रबर किती झिजले आहे ते पाहावे, पुढच्या ॲक्सलखाली तेल गळते काय ते पाहावे, चालनेचा दांडा गंजून बसला आहे काय ते पाहावे. बसला असल्यास पूर्वीच्या मालकाने चार चाकांचे मोल देऊन आयुष्यभर दोनच वापरली, असे समजून भावात तेवढी सूट मागावी. नोंदणीच्या दाखल्यावर बँकेचा बोजा आहे किंवा नाही याची रुजुवात करावी. बोजा असलेला ट्रॅक्टर चिखलात फसत नाही, तो कोर्टात फसतो.

आता बैलजोडीसंबंधी. जाणकार मंडळी तिची शक्ती साधारण एक अश्वशक्ती धरतात, म्हणजे बैलाचे माप घोड्याने करतात, आणि बैलाने त्याबद्दल आजवर तक्रार केलेली नाही. वर्धा जिल्ह्याची स्वतःची जी गवळाऊ जात आहे, ती शुभ्र, सडपातळ आणि वेगवान असून मराठ्यांच्या फौजांची रसद डोंगराळ मुलखातून झपाट्याने वाहून नेण्यास तिचा उपयोग होत असे, अशी तिची ख्याती आहे. शंकरपटात, म्हणजे बैलांच्या शर्यतीत, ती आजही आपली परंपरा राखते, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये घातलेली बंदी २०२१ मध्ये तात्पुरती आणि २०२३ च्या निकालाने कायमची उठली तेव्हा तिच्या मालकांना झालेला आनंद कोणत्याही मोटारगाडीच्या अनावरणास लाभलेला नाही. चिखलात तिचे आठही पाय स्वतंत्रपणे चालतात, डिफरन्शियल नाही, लॉक नाही, आणि रुतलेला पाय उपसून पुढे टाकण्याची जी बुद्धी तिच्यात आहे ती चोवीस अश्वशक्तीच्या इंजिनात अद्याप बसविलेली नाही. दोष एवढाच, की ती काम नसतानाही खाते. ट्रॅक्टर काम नसताना फक्त व्याज खातो.

या प्रश्नी वर्ध्याच्या थोर पुरुषांचा कौल घ्यावा म्हटले, तर तेही एकमत देत नाहीत. १९३४ मध्ये स्थापन झालेल्या अखिल भारत ग्रामोद्योग संघाचे कुमारप्पा ट्रॅक्टरच्या विरुद्ध आणि बैलाच्या बाजूचे होते; केळझरहून वर्ध्यास जाताना वाटेत लागणाऱ्या पवनारला विनोबांनी ऋषिशेतीचा प्रयोग आरंभिला तो बैलालाही रजा देऊन, केवळ मनुष्याच्या हातांनी. जमनालाल बजाजांनी आयुष्याच्या अखेरच्या पर्वात गोसेवेला वाहून घेतले, आणि त्यांचे आडनाव आज देशभर तीनचाकी रिक्षांच्या कपाळावर झळकते. एवढ्या मतभेदातून जो कास्तकार स्वतःचा निर्णय काढील तो धन्य. आमच्या तालुक्यातील सिंदीचा तान्हा पोळा पाहून मात्र वाटते, की या मुलखातील मुलांनी हा वाद फार पूर्वीच मिटविला आहे. त्यांचा बैल लाकडी असतो, त्याला चार चाके असतात, आणि तो दोरीने ओढावा लागतो.

द्रव्याची तजवीज हा पुढचा प्रश्न. महाडीबीटीवर अर्ज केल्यास कृषी यांत्रिकीकरणाच्या योजनेत ट्रॅक्टरला सर्वसाधारण शेतकऱ्यास एक लाखापर्यंत आणि अनुसूचित जाती-जमाती, महिला व अल्पभूधारक यांना सव्वा लाखापर्यंत अनुदान ठेवलेले आहे. सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरवरील जीएसटीही बारा टक्क्यांवरून पाचांवर आलेला आहे. या दोन्ही वार्तांनी हुरळून जाणाऱ्यास आम्ही केळझरचीच कथा स्मरण करून देतो. हे गाव म्हणजे महाभारतातील एकचक्रा नगरी, आणि बकासुराचा वध भीमाने येथेच केला, अशी येथील श्रद्धा आहे. त्या राक्षसाचा रतीब होता गाडाभर अन्न, गाड्याला जुंपलेले दोन रेडे आणि गाडे घेऊन येणारा मनुष्य. म्हणजे माल, वाहन आणि चालक या तिन्हींचा फडशा तो एकाच बैठकीत पाडी. कर्जाचा हप्ताही असाच असतो, केवळ तो सहामाही येतो, आणि त्याच्या वेळी भीम पाठविण्याची सोय बँकेच्या नियमांत नाही. सोयाबीनचा भाव पडला असता पहिल्याने माल जातो. पुढचे दोन्ही पदार्थ क्रमाने जातात.

एवढे सर्व झाल्यावर, आणि इसार देण्यापूर्वी, गजभर लांबीची नव्हे तर चांगली पन्नास फुटांची टेप घेऊन पांदण मोजावी. गावनकाशा मागवून त्यावरील पांदण पाहावी, आणि मग पायाखालची पाहावी. नकाशावरील पांदणीतून समोरासमोरच्या दोन बंड्या जातील. प्रत्यक्षातील पांदणीत एक बंडी व एक बाभूळ मावते. उरलेली जमीन कोठे गेली याची कैफियत कोणी देत नाही, कारण ती दोन्ही बाजूंच्या वावरांत, दरसाल एकेका तासाने, नांगराच्या टोकाने गेलेली असते, आणि त्या नांगरांपैकी एक बहुधा आपलाच असतो. मग त्या चिंचोळ्या चरात पाणी तुंबते, गारा होतो, वाहन फसते, आणि चारही चाकांची चालना घेण्याची निकड उत्पन्न होते. गावाची सामायिक वाट नांगरून आधी दहा तास कपाशी अधिक पिकवायची आणि मग ती वाट चालता यावी म्हणून सहा लाखांचे यंत्र आणायचे, या अर्थशास्त्राला आमच्या अल्प वाचनात तोड नाही.

वास्तविक कायद्याने उपायांची कमतरता ठेवलेली नाही. विदर्भातील जुन्या वाजिब-उल-अर्जांत, म्हणजे गावच्या हक्कनोंदींत, वहिवाटीच्या वाटा नमूद आहेत. अडविलेली वाट मोकळी करण्यासाठी १९०६ चा मामलेदार न्यायालय अधिनियम आहे. धुऱ्यावरून नवी वाट मागण्यासाठी १९६६ च्या जमीन महसूल संहितेचे कलम १४३ आहे. आणि पांदण बांधून काढण्यासाठी शासनाने २०२१ मध्ये मातोश्री ग्रामसमृद्धी शेत-पाणंद रस्ते योजना काढलेली आहे. तंटा न करता या सर्वांचा लाभ घेण्यास मात्र एकच वस्तू लागते, ती म्हणजे दोन्ही बाजूंच्या कास्तकारांच्या सह्या, आणि ती कोणत्याही दुकानात, कोणत्याही हप्त्यावर मिळत नाही.

तेव्हा आमचा निर्णय असा: बैलजोडी असेल तर ती तूर्त विकू नये, ट्रॅक्टर घ्यावयाचाच असेल तर वापरलेला, चोवीस अश्वशक्तीच्या आसपासचा, बोजामुक्त, आणि आश्लेषेत पाहिलेला घ्यावा, एटीव्ही पाहुण्यांसाठी सोडावी. परंतु त्याही आधी सेलूच्या तहसीलदारांच्या नावे पांदण मोकळी करण्याचा अर्ज लिहावा, आणि त्यावर पहिली सही ज्याने ती सर्वांत अधिक कोरली आहे त्याची घ्यावी. पेन आपल्याच खिशात असल्यास सही लागलीच करून टाकावी.