एका दाताचे दहा हजार

कुत्रा चावल्यावर पहिलं काम कोणतं, यावर डॉक्टर आणि वकील यांचं एकमत होणं कठीण आहे. डॉक्टर म्हणणार, जखम वाहत्या पाण्याखाली धरा आणि साबणाने पंधरा मिनिटं धुवा. वकील म्हणणार, थांबा, आधी फोटो काढा, आणि फोटोत जखमेशेजारी फूटपट्टी दिसू द्या. वकिलाला हसू नका. नोव्हेंबर २०२३ मध्ये पंजाब आणि हरियाणा उच्च न्यायालयाने १९३ याचिका एकत्र निकाली काढताना चक्क दरपत्रक दिलं. कुत्र्याच्या दाताच्या दर खुणेमागे किमान १० हजार रुपये. आणि कातडीपासून मांस सुटलं असेल तर जखमेच्या दर ०.२ सेंटिमीटरला किमान २० हजार. म्हणजे फूटपट्टीवरच्या दोन बारीक रेघांचे वीस हजार. एवढ्या सूक्ष्म मापाने आपल्याकडे सोनंसुद्धा विकलं जात नाही. कुत्र्याच्या तोंडात ४२ दात असतात. सगळे एकाच वेळी रुतले, तर ४ लाख २० हजार होतात. आकड्यात नेमके ४२० यावेत हा निव्वळ योगायोग समजावा.

हसून झालं असेल तर सांगतो, हे दरपत्रक मला पसंत आहे आणि ते महाराष्ट्रातही हवं आहे. कारण आपल्याकडे भरपाई जखमेवर ठरत नाही, चावणाऱ्याच्या खात्यावर ठरते. वाघ, बिबट्या, अस्वल, लांडगा, तरस, कोल्हा यांनी हल्ला केला तर राज्य सरकारचे दर ठरलेले आहेत. माणूस दगावला तर वारसांना २५ लाख, कायमचं अपंगत्व आलं तर साडेसात लाख, गंभीर जखमेला ५ लाख. वनरक्षक येतो, पंचनामा होतो, कागद पुढे सरकतो. या यादीत रानकुत्राही आहे. म्हणजे जंगलात राहणारा कुत्रा चावला तर माणूस लाभार्थी, आणि दूध केंद्रासमोर राहणारा चावला तर नुसताच रुग्ण. खड्ड्यांचंही आता बरं चाललंय. मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये खड्डा किंवा उघडं मॅनहोल यांमुळे मृत्यू आला तर ६ लाख आणि जखमी झाल्यास ५० हजार ते अडीच लाख रुपये द्यायला सांगितले. तेव्हा गल्लीतून जाताना मागे कुत्रा लागलाच, तर सुजाण नागरिकाने त्याच्या तोंडी न सापडता समोरच्या खड्ड्यात पडावं. कागदोपत्री ते जास्त सोयीचं आहे.

गल्लीतल्या कुत्र्याला खातं नाही असंही नाही. प्राणी जन्म नियंत्रण नियम २०२३ प्रमाणे भटक्या कुत्र्यांचं निर्बीजीकरण आणि लसीकरण ही स्थानिक संस्थेची, म्हणजे महापालिका, नगरपालिका, ग्रामपंचायतीची जबाबदारी आहे. जबाबदारी आहे, फक्त ती पार पाडली नाही तर काय, याचा दर कुठे लिहिलेला नाही. चावा बसलेल्याने दिवाणी दावा लावावा किंवा उच्च न्यायालयात रिट करावी; दोन्ही दारं उघडी आहेत. फक्त दारापर्यंत जायचा खर्च दातांच्या खुणांपेक्षा खोल जातो. केरळातल्या लोकांसाठी सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती सिरी जगन यांची समिती नेमली, तिच्यापुढे अर्ज करता येई. आपल्याकडे २०२४ या एका वर्षात सरकारी नोंदीप्रमाणे सुमारे ४ लाख ८५ हजार माणसांना कुत्रे चावले. तासाला ५५ पडतात. रात्रीचे तासही धरलेत, कारण कुत्रे धरतात.

या ५५ जणांचं पुढे काय होतं, ते पाहायला सरकारी दवाखान्यात जावं. केसपेपर काढायचा, रांग लावायची. खिडकीतला पहिला प्रश्न ठरलेला, 'पाळीव का भटका?' मग हातात एक लहानसं कार्ड येतं. त्यावर चार तारखा: दिवस शून्य, दिवस तीन, दिवस सात, दिवस अठ्ठावीस. जखम खोल असेल तर जखमेतच टोचायचं वेगळं औषध, ते दवाखान्यात शिल्लक असलं तर. लस फुकट आहे, हे खरं. पण धुणंभांडी करणाऱ्या बाईचे चार खाडे फुकट नाहीत, घरपोच जेवण नेणाऱ्या पोराचे बुडालेले फेरे फुकट नाहीत, रिक्षावाला तर नाहीच नाही. हा खर्च कोणत्याही अंदाजपत्रकात दिसत नाही, म्हणून तो झालाच नाही असं मानायची आपल्याकडे रीत आहे. तुझे हाल कुत्रा खाणार नाही, असं आपण म्हणतो. इथे हाल कुत्र्यानेच केलेले असतात आणि खायला कोणतंच खातं पुढे येत नाही.

कुत्रा पाळीव निघाला तर निदान मालक सापडला, असं वाटेल. भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ नुसार प्राण्याबाबत निष्काळजीपणा करणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा ५ हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पण दंड सरकारजमा होतो. दरपत्रकाच्या हिशेबाने तो अर्ध्या दाताचा, आणि तोही दुसऱ्याच्या खिशात. राहिला नुकसानभरपाईचा दावा. तिथे इंग्रजी कायद्यातलं एक जुनं तत्त्व आडवं येऊ शकतं: कुत्र्याचा चावरा स्वभाव मालकाला ठाऊक होता, हे दाखवता आलं पाहिजे. थोडक्यात, पहिला चावा माफ. हे कळल्यापासून सोसायटीच्या बागेत ऐकू येणाऱ्या 'घाबरू नका हो, तो काही करत नाही' या वाक्याकडे पाहण्याची माझी दृष्टी बदलली आहे. तो धीर नसून कैफियत आहे, चाव्याच्या आधीच दाखल केलेली. याउलट ज्याने फाटकावर 'कुत्र्यापासून सावध रहा' अशी पाटी लावली, त्याने कबुलीजबाबच टांगून ठेवलाय. शिवाय प्रदर्शनात फीत जिंकून आलेला 'आमचा बाळ' कुणाच्या पोटरीला लागला की एका रात्रीत 'गेटवर बसतो तो' होतो.

आता आक्षेप. पहिला सभ्य माणसांचा: वेदनेला दर लावणं हेच मुळी हास्यास्पद आहे. असेल. पण आपला कायदा हे काम १९२३ पासून करतोय. कामगार भरपाईच्या त्या कायद्याच्या परिशिष्टात यंत्रात तर्जनी गेली तर कमाईच्या क्षमतेत १४ टक्के घट, करंगळी गेली तर ७ टक्के, असा तक्ता आहे. बोटांची किंमत ठरते, दातांची का ठरू नये? तक्ता ओबडधोबड असतो, पण गरिबाला वकिलाशिवाय वाचता येतो.

दुसरा आक्षेप हिशेबी लोकांचा, आणि तो वजनदार आहे. ४ लाख ८५ हजार माणसं आणि प्रत्येकाला एकच दात धरला, तरी ४८५ कोटी रुपये होतात. पालिकेचा पैसा म्हणजे शेवटी आपलीच घरपट्टी. कबूल. मात्र एकच दात लावून थांबणारा कुत्रा विरळा, त्यामुळे खरा आकडा मोठाच निघेल, आणि मला तो मोठाच हवा आहे. आज नुकसान तेवढंच होतं, फक्त ते लाखो पोटऱ्यांवर विखुरलेलं असल्यामुळे स्थायी समितीच्या टेबलावर येत नाही. एकदा 'दंतक्षत भरपाई' असं लेखाशीर्ष उघडलं आणि त्यात कोटी दिसू लागले की निर्बीजीकरण केंद्र स्वस्त पडतं, हा शोध लेखा विभागाला आपोआप लागेल. प्राणिमित्रांना माझं म्हणणं कुत्र्यांच्या मुळावर उठलेलं वाटत असेल, तर त्यांनी हाच हिशेब उलटा करून पाहावा. ऑगस्ट २०२५ मध्ये दिल्लीतले सगळे कुत्रे उचलून निवाऱ्यात टाकण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने दिला आणि अकरा दिवसांत तो बदलून, पिसाळलेले आणि आक्रमक सोडून बाकीचे लस देऊन परत सोडायला सांगितले. चावा बसलेल्याला कुणी विचारत नाही म्हणून त्याचा राग कुत्र्यावर निघतो, आणि तो साचला की 'सगळे उचला' यापलीकडे मागणीच उरत नाही.

तिसरा आक्षेप, लोक मुद्दाम चावून घेतील. दहा हजारांसाठी चार वेळा दंड पुढे करणारा आणि महिनाभर आपल्याला पाण्याची भीती वाटते का, हे रोज तपासत बसणारा माणूस लबाड असेल, पण त्याने पैसे कष्टाने मिळवलेत, एवढं मान्य करावंच लागेल.

खरी अडचण दात मोजायचे कुणी, ही आहे. आरोग्य खातं म्हणेल, जखम आमची, दात पशुसंवर्धनाचे. पशुसंवर्धन म्हणेल, दात कुत्र्याच्या तोंडात असेपर्यंत आमचे, पोटरीत उमटले की आरोग्याचे. फूटपट्टी प्रमाणित हवी, म्हणजे वैधमापनशास्त्राकडे पत्र गेलं. खरेदीला तीन दरपत्रकं लागतील. हे सगळं जमून पथक दारात येईल तोवर जखम भरून आलेली असेल, आणि अहवालात शेरा पडेल: 'प्रत्यक्ष पाहणीत खुणा आढळून आल्या नाहीत. प्रकरण दप्तरी दाखल.'