अभ्यासक्रम आधीही होताच

पोलीस, तलाठी, शिक्षक, दवाखान्यातले कर्मचारी यांना पारधी समाजाविषयी नीट शिकवायला हवं, असं म्हटलं की लगेच प्रश्न येतो: शिकवून कुठे मन बदलतं का?

बदलतं. पारधी म्हणजे चोर, हे या राज्यातल्या पोलिसांना शिकवूनच आलेलं आहे. 1908 साली मुंबईच्या सरकारी छापखान्यानं एक पुस्तक काढलं. विषय होता मुंबई इलाख्यातल्या ‘गुन्हेगार जाती’. लिहिणारे केनेडी हे खुद्द इलाख्याचे वरिष्ठ पोलीस अधिकारी. एकेका जमातीचा पेहराव, बोली, वेषांतर, गुन्ह्याची पद्धत आणि चोरीचा माल लपवण्याच्या जागा त्यात ओळीनं दिल्या आहेत. पारधीही त्यात आहेत. हा अभ्यासक्रमच होता. त्याला सरकारी पैसा होता आणि पुढे 1911 चा गुन्हेगार जमाती कायदा त्याच्या जोडीला आला. जन्मानंच गुन्हेगार ठरवलेल्या माणसाला पोलिसांकडे हजेरी द्यावी लागे, परवानगीशिवाय गाव सोडता येत नसे. आमच्या धाराशिव जिल्ह्याच्या शेजारी, सोलापुरात, अशा माणसांना कुंपणात ठेवलं जाई. त्या वस्तीला अजूनही सेटलमेंटच म्हणतात.

धाराशिव तेव्हा निजामाकडे होता. 1956 साली जिल्हा मुंबई राज्यात आला आणि त्याच पोलिसी परंपरेचा वारस झाला. त्याआधीच, 31 ऑगस्ट 1952 रोजी, गुन्हेगार जमाती कायदा रद्द झाला होता. पण नव्या शिपायाला जुना हवालदार जे सांगतो, ते कुठल्याही राजपत्रानं रद्द होत नाही. कळंब, वाशी, येरमाळा, ढोकी, कुठेही शेतातली मोटर गेली, सोयाबीनची पोती गेली, की संशय आधी पारधी पिढीवर, म्हणजे पारध्यांच्या वस्तीवर जातो. पोलिसांच्या प्रसिद्धिपत्रकात आरोपीचा पत्ताही ‘पारधी पिढी’ असाच छापून येतो. सकाळी तो पेपर अख्खं गाव वाचतं, त्या वस्तीतल्या मुलांचे मास्तरही वाचतात.

पारध्यांत गुन्हा करणारे नाहीतच, असं मी म्हणत नाही. कुठल्या जातीत नाहीत? पाटलाच्या पोरानं चोरी केली तर पोलीस त्या पोराला शोधतात. पारध्यावर संशय आला तर वस्ती उलथीपालथी होते, म्हाताऱ्यांना उठवलं जातं, बायकांना गाडीत घातलं जातं. माझा राग या फरकावर आहे.

हा समज कुठवर नेतो, हे नाशिकच्या खटल्यात दिसलं. 2003 मध्ये नाशिकजवळ एका कुटुंबावर रात्री भीषण हल्ला झाला. खून, बलात्कार, लूट. त्यात भटक्या जमातीतल्या सहा जणांना पकडलं. ते पारधी नव्हते, पण ठाण्याच्या नजरेत तेवढा फरक कोण करतो? खालच्या कोर्टानं फाशी दिली आणि 2009 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सहाही जणांना फाशीच सुनावली. पुढे फेरविचार झाला आणि 5 मार्च 2019 रोजी त्याच न्यायालयानं सगळ्यांना निर्दोष सोडलं. हल्ल्यातून वाचलेल्या साक्षीदार बाईनं सुरुवातीला पोलिसांच्या फोटोंतून वेगळ्याच चार जणांना ओळखलं होतं. त्या चौघांकडे तपास वळलाच नाही. सहा माणसांची सोळा वर्षं गेली, त्यातला एक गुन्ह्याच्या वेळी अल्पवयीन होता. प्रत्येकी पाच लाख रुपये भरपाई ठरली.

शिकवणं हे सरकारच्या मर्जीवर सोडलेलं काम नाही. फासेपारधी महाराष्ट्रात अनुसूचित जमातीत येतात. अत्याचार प्रतिबंधक कायद्याच्या 1995 च्या नियमांतला तेरावा नियम सांगतो की, अत्याचारप्रवण भागात नेमलेल्या अधिकाऱ्यांना आणि कर्मचाऱ्यांना अनुसूचित जाती-जमातींच्या प्रश्नांची समज हवी, आणि तशी वृत्तीही हवी. वृत्ती हा शब्द कायद्यात फार क्वचित येतो. इथे तो आहे आणि त्याकडे कुणी बघत नाही. 1998 मध्ये बारामतीच्या पिन्या हरी काळे या पारध्याचा पोलिसांच्या मारहाणीत जीव गेला. त्याच वर्षी महाश्वेता देवी, गणेश देवी आणि लक्ष्मण गायकवाड यांनी विमुक्तांच्या, म्हणजे त्या कायद्यानं पूर्वी गुन्हेगार ठरवलेल्या जमातींच्या, हक्कांसाठी गट उभा केला, आणि हा प्रश्न राष्ट्रीय मानवी हक्क आयोगापुढे गेला. 2000 साली आयोगानं पोलीस प्रशिक्षण संस्थांचे अभ्यासक्रम बदलण्याची शिफारस केली. 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं दोन निकालांत पुन्हा बजावलं: केवळ सामाजिक पार्श्वभूमीमुळे कुणाला पोलिसांच्या यादीत टाकू नका, विमुक्त जमातींच्या माणसांना मनमानी अटक करू नका. हे निकाल किती ठाण्यांत वाचून दाखवले गेले?

नुसता वर्ग भरवून भागत नाही, हेही खरं. कॅनडात सत्यशोधन आयोगानं 2015 मध्ये 94 मागण्या केल्या. सगळ्या सरकारी नोकरांना आदिवासींचा इतिहास आणि वंशद्वेषाविरुद्धचं प्रशिक्षण द्या, ही त्यातली 57 वी. पाच वर्षांनी क्युबेकमधल्या जोलिएतच्या दवाखान्यात जॉयस एशाक्वान ही सात मुलांची आदिवासी आई मरणाच्या दारात होती, आणि कर्मचारी तिला शिव्या देत होते. तिनं ते फोनवरून जगाला थेट दाखवलं, म्हणून कळलं. शिकवणीला जाब विचारण्याची जोड नसेल तर हातात फक्त प्रमाणपत्र राहतं.

म्हणून धाराशिवात हा वर्ग कसा हवा, ते स्पष्ट सांगतो. तो पुण्यामुंबईहून आलेल्या तज्ज्ञाच्या भाषणावर उरकू नये. तुळजापुरात टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचं आवार आहे. त्याच तालुक्यात यमगरवाडीला भटक्या-विमुक्तांच्या मुलांची शाळा 1993 पासून उभी आहे. शिकवणारी माणसं जिल्ह्यातच आहेत. शिकवायला पारधी माणसं हवीत, विशेषतः ज्यांना रात्री ठाण्याबाहेर बसावं लागलं त्या बायका. त्यांना पाहुण्या व्याख्यात्याइतकंच मानधन द्यावं, शाल-नारळावर बोळवण करू नये.

वर्ग फक्त खाकीचा नको. तहसीलमधला कारकून जमातीच्या दाखल्यासाठी 1950 पूर्वीचा पुरावा मागतो. ज्यांना जमीन नव्हती, शाळा नव्हती, एका गावात टिकू दिलं जात नव्हतं, त्यांनी तो आणायचा कुठून? त्या काळात त्यांची नावं लिहिण्यात सरकारला रस होता तो पोलिसांच्या दप्तरात. हे त्या कारकुनाला कुणी सांगितलेलंच नाही. असा पुरावा नसेल तेव्हा गृहचौकशी, म्हणजे वस्तीवर जाऊन चौकशी, कशी करायची, हेही नाही. केनेडींचं पुस्तक या वर्गात जरूर वाचावं, सरकारनं काय शिकवलं होतं याचा पुरावा म्हणून.

आणि परीक्षा कागदावर नको. वर्ग झाल्यावर वरिष्ठांनी प्रत्येक ठाण्यातली सराईतांची यादी उघडावी, कुणाचं नाव कोणत्या पुराव्यावर आहे ते विचारावं, आणि उत्तर नसेल तर ते अधिकाऱ्याच्या गोपनीय अहवालात लिहावं. पहिली तुकडी ठाणे अंमलदारांची असावी, कारण आलेल्या माणसाला बसवायचं की हाकलायचं, हे त्याच टेबलावर ठरतं. पारधी बाई फिर्याद घेऊन आली तर ती कशी लिहून घ्यायची, याचा सराव त्यांनी त्या वर्गात तिच्यासमोर बसून करावा. लिहिलेलं तिला वाचून दाखवावं, आणि तिनं बरोबर म्हटल्याशिवाय त्यांना पास करू नये.