छत्तिसावा दिवस

पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात उपचार पस्तीस दिवसांचे. १९८६ पासून तिथून कितीतरी माणसं दारू, गर्द सोडून घरी गेली. छत्तिसाव्या दिवशी ती येतात कुठे? तुमच्या-आमच्या गल्लीत.

आणि गल्ली दारं लावून घेते.

खुंटीवरचं पाकीट कपाटात जातं. परतलेला माणूस जवळ आला की त्याची बायको हळूच वास घेते. तिचं काही चुकत नाही, तिनं वर्षानुवर्षं भोगलंय. पण शेजाऱ्यांचं काय? एरवी त्याला टाळणारे हेच लोक वरातीत ग्लास पुढे करतात. "एकानं काय होतंय?"

एकानंच होतं.

सोसायटीत सुरक्षेची बैठक भरली की मागणी ठरलेली. कॅमेरे लावा, गर्दुल्ल्यांना उचला. कॅमेरे जरूर लावा. विकणाऱ्याला पोलिसांनी धरायलाच हवं. पण ओढणारा पोरगा आपल्याच तिसऱ्या मजल्यावरचा निघाला, तर?

तर आईबाप त्याला लपवतात. पोलिसांच्या भीतीनं उपचारही लांबतात. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यात कलम ६४ अ आहे. सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यात सापडलेला व्यसनी आपणहून सरकारमान्य केंद्रात गेला आणि त्यानं उपचार पूर्ण केले, तर त्या गुन्ह्याचा खटला चालत नाही. ही गोष्ट एकदा तरी बैठकीत कुणी सांगितली?

सल्ले मात्र फुकट. "खोलीत कोंडा, आठ दिवसांत सुटेल." रोज पिणाऱ्याची दारू एकदम तोडली तर फिट येते, भास होतात, माणूस दगावतोसुद्धा. आधी डॉक्टरकडे न्या.

माझ्या ओळखीच्या एका तालमीनं केंद्रातून परतलेल्या पोराला नोकरी दिली नाही, सत्कारही केला नाही. किल्ली दिली. पहाटे साडेपाचला कुलूप काढायचं, आखाड्यातली माती उकरायची, पाणी मारायचं. पहाटे उठायचं तर रात्री बसता येत नाही. आणि कुलूप निघालं नाही तर सहा वाजेपर्यंत वीस जणांना कळतं.

आठव्या महिन्यात निघालं नाही.

सव्वासहाला दोघं जण त्याच्या घरी गेले. पोरगा जमिनीवर पडलेला, आई उंबऱ्यात. "सांगितलं होतं ना" असं कुणी म्हणालं नाही. त्याच्या अंगावर शर्ट चढवला, रिक्षा बोलावली, पुन्हा केंद्रात नेलं. घसरणं या आजारात असतंच, हे तिथल्या समुपदेशकानं त्यांना आधीच सांगून ठेवलं होतं.

निघताना आईनं किल्ली पुढे केली. वस्तादांनी ती घेतली नाही. "राहू दे खिळ्याला. आला की उघडेल."

महिनाभर तालमीचं कुलूप दुसऱ्या किल्लीनं उघडत होतं.